राज्य कोणावर आहे?

शिरपूरची एक मुलगी सध्या शिकायला पुण्यात असते. तिनं विचारलंय : "मॅडम, आम्ही चौघींनी रात्री 'द ऑर्फनेज' पाहिला. दोघी म्हणतात भुतं खरी होती, दोघी म्हणतात सगळे त्या आईच्या मनाचे खेळ. मग शेवट समजावून सांगणारे तीन व्हिडिओ बघितले, तर तिघांची तीन मतं. लहान मुलांवरच्या या मानसिक भयपटांचा शेवट लावायचा तरी कसा? आणि माझा दहा वर्षांचा भाऊ मागे लागलाय, त्याला दाखवू का?"

भावाचं शेवटी सांगते. आधी तुमच्या भांडणाचं बघू.

'भुतं खरी की खोटी' हा प्रश्न या जातीच्या सिनेमात बहुतेक वेळा आमिष म्हणून टाकलेला असतो. आपण त्यात गुंतलो की दुसरीकडे जे चाललंय ते डोळ्यांदेखत निसटतं. मी धुळ्यात बावीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आणि जवळपास तितकीच वर्षं महिन्यातून एका शनिवारी सिनेमा दाखवून त्यावर बोलायचं एक छोटं मंडळ चालवतेय. एवढ्या वर्षांत एक प्रश्न माझ्या हाताला चांगला बसलाय : खेळात राज्य कोणावर आहे?

लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं त्यानं डोळे झाकायचे, आकडे म्हणायचे आणि मग हिंडत बसायचं. कोण कुठं लपलंय हे बाकी सगळ्यांना ठाऊक असतं, एकट्या त्यालाच नसतं. मुलांवरच्या भयपटांत बघ, कुठं ना कुठं एक खेळ ठेवलेला सापडेल. आणि राज्य जवळजवळ नेहमी एखाद्या मोठ्या माणसावर आलेलं असतं. त्या माणसाला वाटत असतं की आपण मुलाला शोधतोय, वाचवतोय. कलाटणी येते तेव्हा कळतं की त्यानं डोळे झाकले होते, आणि ते त्याला कोणी झाकायला लावले नव्हते.

(पुढे मी शेवट उघडे करूनच बोलणार आहे. ज्यांना अजून बघायचेत त्यांनी इथंच थांबावं, मग मला बोल लावू नये.)

तुमचा 'ऑर्फनेज' घेऊ. २००७ चा स्पॅनिश सिनेमा, हुआन अंतोनियो बायोनाचा. पहिला प्रसंग आठव. अनाथाश्रमाच्या अंगणात मुलं खेळतायत. एक मुलगी झाडाकडे तोंड करून मोजतेय, बाकीची मागून पावलापावलानं पुढे सरकतायत. ती वळली की जागच्या जागी थिजायचं, हलला तो बाद. मोजणारी मुलगी म्हणजे लॉरा. सिनेमा सुरू होतो तेव्हाच राज्य तिच्यावर आहे! तीस वर्षांनी तीच लॉरा नवरा आणि दत्तक घेतलेल्या सिमोनला घेऊन त्याच वास्तूत राहायला येते. सिमोनला एचआयव्हीची लागण आहे, आणि आपण दत्तक आहोत हे त्याला माहीत नाही. त्याला नवा मित्र मिळतो, तोमास. हा मित्र बाकी कोणालाच दिसत नाही. घरात पाहुण्यांचा कार्यक्रम असतो त्या दिवशी सिमोन आईच्या मागे लागतो : चल, तोमासचं छोटं घर दाखवतो. आईला वेळ नसतो. वाद होतो, थप्पड बसते, आणि मुलगा गायब होतो.

हा सिनेमा आम्ही २०१० च्या उन्हाळ्यात दाखवला, तेव्हाची गोष्ट सांगते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, तीस-पस्तीस माणसं, डीव्हीडी आणि भाड्याचा प्रोजेक्टर. ते भारनियमनाचे दिवस. त्या दिवशी वेळ टळली असं समजून आम्ही निवांत होतो, तर लॉरा जिन्याखालच्या कपाटासारख्या खोलीत शिरली, भिंतीवरचा कागद फाडला, आत दार दिसलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरनं दोन मिनिटं कळ काढली, मग त्यानंही मान टाकली. घामाघूम काळोखात बसल्या बसल्या मी म्हटलं, लाइट येईस्तोवर प्रत्येकानं सांगायचं, दारामागं काय असेल. कोणी म्हणालं तोमासचं भूत, कोणी पुरलेली मुलं, कोणी सिनेमातल्या एका संशयास्पद म्हातारीवर आळ घेतला. एक इंजिनीअर म्हणाले, लॉराला स्वप्न पडतंय. कोणाचंच बोट लॉराकडे वळेना. मागच्या खुर्चीवर सोनगीरकडच्या एक आजी बसल्या होत्या, सुनेबरोबर आलेल्या. स्पॅनिश कळायचा प्रश्नच नव्हता, खालची इंग्रजी अक्षरंही त्यांना वाचता येत नव्हती. नुसतं बघत होत्या. त्या अंधारात म्हणाल्या, "माय वो, तिनीच कोंडी टाकं त्याले!"

हॉल एकदम गप्प झाला. चाळीसेक मिनिटांनी लाइट आली, आम्ही पुढचं बघितलं, आणि आजींचंच खरं निघालं. सिमोन त्या दारामागच्या तळघरात होता. त्या पहिल्या दिवशी शोधाशोध करताना लॉरानंच तिथले लोखंडी पाइप हलवले होते आणि ते दाराला आडवे बसले होते. पुढे रात्री घरात जे धडाम आवाज येत होते, ज्यांना आपण भुताटकी समजून अंग चोरून बसलो होतो, ते आतून दार ठोकणाऱ्या पोराचे होते. शेवटचा मोठा आवाज त्याच्या पडण्याचा.

आजींना मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, त्यांच्या माहेरच्या धाब्याच्या घरात धान्याचं बळद होतं. लपाछपीत एक भाऊ त्यात लपला, आणि वरून कोणीतरी ओझं ठेवलं. वेळेवर सापडला म्हणून वाचला. मग त्यांनी एक वाक्य टाकलं, ते मी त्यानंतर कित्येक वर्गांत सांगितलंय : "पोऱ्या सांगी राह्यना, पन आयकस कोन?" मुलगा सांगतोय, पण ऐकतंय कोण. सिमोननं तळघराचा पत्ता पहिल्या अर्ध्या तासातच सांगून टाकला होता. शब्दांची भिंत नसल्यामुळे आजी फक्त पोराच्या हाताकडे बघत होत्या, तो आईला कुठं ओढतोय तिकडे. आम्ही शिकलेली मंडळी संवाद वाचत बसलो होतो.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा. शेवट संपला की लगेच पहिली वीस-पंचवीस मिनिटं पुन्हा लाव आणि फक्त मुलाचं बोलणं ऐक. 'लहान आहे, काहीही बोलतो' म्हणून जे वाक्य आपण सोडून दिलं, बहुतेक वेळा शेवटाची किल्ली तिथंच असते.

'द अदर्स'मध्ये (२००१) हे आणखी उघड आहे. दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार. १९४५ साल, जर्सी बेटावरचं धुक्यातलं मोठं घर. ग्रेस आणि तिची दोन मुलं, अ‍ॅन आणि निकोलस. मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही हा घरचा कायदा. नवे नोकर येतात. घरात आणखी कोणीतरी वावरतंय असं अ‍ॅन सांगते, आई तिला खोटारडी ठरवून शिक्षा करते. अ‍ॅन भावाशी बोलताना 'त्या दिवशी' आई कशी वेडीपिशी झाली होती, असं वारंवार म्हणते. कुठला दिवस? पहिल्यांदा बघताना आपण विचारत नाही, कारण तोवर आपण आईच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. शेवटी कळतं की त्या दिवशी ग्रेसनं दोन्ही मुलांच्या तोंडावर उशी दाबली आणि मग स्वतःवर बंदूक चालवली. घरात वावरणारे 'ते दुसरे' म्हणजे जिवंत कुटुंब. भूत म्हणजे हे तिघं, आणि ते नवे नोकरही.

या सिनेमाची खुबी मेलेले कोण यात नाही, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. 'पात्र मेलेलंच होतं' ही कलाटणी दोन वर्षं आधी एका अमेरिकन सिनेमानं जगभर पोचवली होती, त्याच्याकडे येतेच. 'अदर्स'मध्ये खरी कलाटणी अशी, की ग्रेसला हे अर्धवट ठाऊक होतं. शेवटी ती मुलांना सांगते की हातात उशी होती, तुम्ही हलत नव्हता, आणि मग तुमच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं देवानं आणखी एक संधी दिली. आता पुन्हा पहिलं दृश्य बघ. सिनेमा सुरू होतो तो ग्रेसच्या किंकाळीनं, ती अंथरुणात दचकून उठलेली. ती किंकाळी कशाची होती याचं उत्तर पावणेदोन तासांनी मिळतं. मधले पडदे, कुलपं, किल्ल्यांचा जुडगा, प्रार्थना, धर्मशिक्षण हे सगळं उजेड बाहेर ठेवायला होतं. मुलांचा आजार नावाला. नोकरांसाठीची जाहिरात तर टपालात गेलेलीच नव्हती, तरी नोकर दारात हजर. हे आपल्याला सिनेमाच दाखवतो, तेही लवकर, आणि आपण आणि ग्रेस दोघंही त्यावरून पुढे जातो.

आता तो दोन वर्षं आधीचा, 'द सिक्स्थ सेन्स' (१९९९). याच्याबद्दल इतकं बोललं गेलंय की मी थोडक्यात आटोपते. डॉक्टर माल्कम आधीच मेलेला आहे हे आज बारावीतल्या पोरांनाही ठाऊक असतं, तरी वर्गात मी हा सिनेमा लावते तो दोन प्रसंगांसाठी. एक, भुतं दिसणारा मुलगा कोल आणि त्याच्यावर उपचार करणारा माल्कम यांची कोलच्या घरातली भेट. माल्कम खेळ मांडतो : मी तुझ्या मनातलं ओळखतो, बरोबर असेल तर पुढे ये, चुकलं तर मागे जा. पोरगा हळूहळू मागे सरकत दारापर्यंत पोचतो. राज्य डॉक्टरवर, आणि डॉक्टर हरतो. दुसरा प्रसंग, माल्कम आपल्या जुन्या रुग्णाची टेप ऐकतो. अनेक वर्षांपूर्वीचा तो मुलगा घाबरलेला होता, डॉक्टरनं त्याचं निदान चुकवलं होतं. माल्कम आवाज वाढवत नेतो, आणखी वाढवतो, आणि रिकाम्या समजलेल्या खोलीतून तिसऱ्याच माणसाचा आवाज येतो. आवाज टेपवर पहिल्यापासून होता, डॉक्टरनं तेव्हा बटण फिरवलं नव्हतं, एवढंच. म्हणून मला या सिनेमाचा शेवट, बायकोच्या हातून अंगठी पडते आणि आपण मेलोय हे माल्कमला कळतं, तिथं वाटत नाही. तो त्याआधीच होतो, मोटारीत, जेव्हा कोल आईला आजीचा निरोप सांगतो आणि आई पहिल्यांदा नीट ऐकते. अंगठीचा प्रसंग प्रेक्षकांसाठी, मोटारीचा मुलासाठी.

इथं एक कबुली देते. काही वर्षं मी हा नियम फार ताठपणे शिकवला : मूल खरं बोलतं, मोठी माणसं चुकतात. मग एका वर्गात एका विद्यार्थ्यानं मला ऑस्ट्रियाचा 'गुडनाइट मॉमी' (२०१४) बघायला लावला. वेरोनिका फ्रान्झ आणि सेवेरिन फियाला यांचा. जुळे भाऊ, एलियास आणि लुकास. आई चेहऱ्याच्या ऑपरेशननंतर पट्ट्या गुंडाळून घरी येते, वागणं बदललेलं. मुलांना वाटतं ही आपली आई नाही. मी पहिला पाऊण तास छाती पुढे काढून बघत होते, की मुलांचं खरं, ही बाई कोणीतरी तोतया. आणि शेवटी दिग्दर्शकांनी माझ्या नियमाची पार चिंधी केली. लुकास आधीच अपघातात गेलेला आहे. आई खरीच आहे. ती लुकासशी बोलत नाही कारण तो नाहीच. ताट एकाचंच, सरबताचा पेला एकच, आणि मी ते 'आईचा दुष्टपणा' म्हणून टिपून ठेवलं होतं! माझी वही अजून आहे, त्यात 'पेला एकच' याला खाली दोन रेघा आहेत. पुरावा समोर होता, अर्थ उलटा लावला.

पण खेळाचा प्रश्न तिथंही चालतो, उलट जास्तच. सिनेमाची सुरुवात मक्याच्या शेतातली. एक भाऊ दुसऱ्याला शोधतोय, उंच ताटांत हरवत, सापडत. आपल्याकडे मका केवढा होतो, त्या ताटांत चार पावलांवरचं माणूस दिसत नाही हे तुला सांगायला नको. राज्य इथं एलियासवर आहे. तो भावाला शोधतोय, आणि जो सापडू शकत नाही त्याला सापडला म्हणून चालतोय. मध्ये आणखी एक खेळ येतो, कपाळावर चिठ्ठी चिकटवायची आणि आपण कोण ते प्रश्न विचारून ओळखायचं. आईच्या कपाळावरच्या चिठ्ठीवर 'आई' लिहिलेलं असतं आणि तिला ते ओळखता येत नाही. सिनेमातला सगळ्यांत भयंकर क्षण मला तो वाटतो, पुढे आईचा जो छळ होतो त्यापेक्षाही. आपलं जवळचं माणूस दिसायला तेच आहे पण ते नव्हेच, असं ठाम वाटण्याच्या अवस्थेला कापग्रास सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कापग्रासनं १९२३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पण सिनेमा बघताना निदानाचं लेबल लावून मोकळं होऊ नकोस. एलियासला काय झालंय याचं नाव कळलं म्हणून शेवट कळत नाही. शेवट कळतो तो आई एका क्षणी सांगते तेव्हा, की तुझी चूक नव्हती. ती हे फार उशिरा म्हणते. अपघातानंतर घरात त्यावर कोणी बोललंच नव्हतं.

माझ्या नियमाला मी तेव्हापासून एक दुरुस्ती जोडली आहे. मूल खरंच बोलतं असं नाही, पण मूल जे बोलतं त्यामागं घरातलं न बोललेलं काहीतरी असतं.

काल्पनिक मित्राबद्दल दोन शब्द, कारण याचा फार गवगवा होतो. तीन ते सातच्या वयात मुलांना असा मित्र असणं अगदी नेहमीचं आहे. त्यात आजार नाही, भूत तर नाहीच नाही. मूल त्याला आपण घडवलाय हेही बहुतेक जाणून असतं, विचारलं तर डोळे मिचकावून सांगतं. मेलेलं माणूस परत येत नाही ही समजही साधारण पाच ते सातच्या दरम्यान पक्की होत जाते. त्याआधी 'आजोबा बाहेर गेलेत' हे मूल शब्दशः घेतं आणि संध्याकाळी दारात जाऊन बसतं. आपल्या घरांत हे सर्रास सांगतात. भयपटवाले याच फटीतून आत शिरतात : मोठ्यांनी मृत्यूवर पांघरूण घातलं की मूल ते पांघरूण खरं मानून त्याच्याशी खेळायला लागतं.

आपल्या मुंजाची कल्पना मला इथं फार उपयोगी पडते. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला असा मुलगा. त्याचं काहीतरी अर्धं राहिलेलं असतं, म्हणून तो जात नाही. आपल्या आज्यांनी भुताची व्याख्या दुष्टपणावर केली नाही, अर्धं राहण्यावर केली. 'हे भूत खरं का' असं विचारण्यापेक्षा 'यांच्यात काय राहून गेलं' असं विचारलं की सिनेमाही लवकर उघडतो. कोरियाच्या 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स'चा (२००३) गुंता कित्येकांना सुटत नाही. कोण जिवंत, कोण मेलेली, सावत्र आई खरी किती, यात माणसं गरगरतात. तो तिथल्या जुन्या लोककथेवरून घेतलाय, आणि किम जी-वूननं शेवट एका साध्या गोष्टीवर आणून ठेवलाय : धाकटी पडलेल्या कपाटाखाली अडकली होती, सावत्र आईनं ते बघितलं आणि मोठीला सांगता सांगता थांबली. दोघींत शब्दाला शब्द लागला होता, म्हणून. एक हाक राहून गेली. बाकी सगळं त्या न मारलेल्या हाकेभोवती फिरतं. 'ऑर्फनेज'मध्येही हेच आहे, पाइप उचलले असते तर एवढंच.

आता मोकळ्या सोडलेल्या शेवटांचं. १९६१ चा 'द इनोसन्ट्स' म्हणजे या सगळ्यांची आजी. हेन्री जेम्सच्या १८९८ च्या कथेवरून जॅक क्लेटननं केलेला, डेबोरा कर ही नटी दाईच्या, म्हणजे मुलांना सांभाळून शिकवणाऱ्या गव्हर्नेसच्या भूमिकेत. ओसाड बंगल्यात दोन मुलं, आणि मेलेले दोन नोकर मुलांच्या अंगात येतात अशी दाईची खात्री. एडमंड विल्सन या समीक्षकानं १९३४ मध्ये मांडलं की भुतं नाहीतच, सगळं दाईच्या कोंडलेल्या मनातलं आहे. त्यावरचा वाद आजतागायत मिटलेला नाही. सिनेमा दोन्ही बाजूंना पुरावा देतो. यातही लपाछपी आहे. दाई मुलांशी खेळताना पडद्यामागं लपते आणि तिथंच तिला काचेबाहेर तो मेलेला नोकर दिसतो. मी वर्गात नेहमी विचारते, त्या क्षणी लपलेलं कोण आहे? खेळात मोठी बाई लपली आणि भूत सापडलं. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसनं चौकटीच्या कडा मुद्दाम काळवंडून ठेवल्यात, म्हणजे पडद्याच्या मध्यात जे आहे तेवढंच दिसावं, आजूबाजूला डोळा ताणला तरी अंधार. दाईला जगाचा जेवढा तुकडा दिसतो तेवढाच आपल्याला. अशा सिनेमात निकाल लावायची घाई करू नये. मुलगा तिच्या मिठीत मरतो, भुतानं मारला असेल किंवा तिच्या धाकानं. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट कायम राहते, ती त्याला वाचवायला निघाली होती.

मोकळा शेवट आणि अर्धवट शेवट यांत फरक असतो, बरं का. दिग्दर्शकाला उत्तर सुचलं नाही आणि त्यानं कॅमेरा आकाशाकडे फिरवला, तर त्याला मी मोकळा शेवट म्हणत नाही. मोकळ्या शेवटात दोन्ही वाचनं पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकतात. एखादं वाचन एका प्रसंगात फुटतंय का हे तपासायचं. मी त्यासाठी एक छोटी चाळणी वापरते : ज्याच्या मनावर आपला संशय आहे ते पात्र चौकटीत नसताना काही अघटित दिसतं का? दिसलं, तर 'सगळं तिच्या डोक्यात' हे म्हणणं अवघड होतं.

ही चाळणी 'ऑर्फनेज'ला लाव. शेवटी लॉरा गोळ्या घेते, सिमोन जिवंत होतो, सगळी मुलं तिच्याभोवती जमतात. हे मरणाऱ्या मेंदूचं स्वप्न म्हणता येतं. तुमच्या त्या दोघींचा मुद्दा इथवर बिनतोड आहे. पण त्यानंतर नवरा कार्लोस एकटा त्या खोलीत येतो. त्यानं लॉराला संत अंतोनियोचं पदक दिलं होतं, हरवलेल्या वस्तू सापडवून देणारा तो संत, आणि बजावलं होतं की सिमोन सापडला की मला परत कर. ते पदक त्याला खाली पडलेलं मिळतं. दार उघडतं. तो बघतो आणि हसतो. लॉरा मेलेली आहे, हे दृश्य तिच्या डोक्यातलं असूच शकत नाही. म्हणून मला भुतांच्या बाजूचं पारडं थोडं जड वाटतं. तरी कार्लोसही बायको-मुलगा गमावलेला माणूस आहे, आणि दारात काय दिसलं ते आपल्याला दाखवलेलं नाही. म्हणजे दिग्दर्शकानं राज्य आता आपल्यावर दिलंय. माझं मत विचारशील, तर पदक परत मिळालं याचा अर्थ एकच : मुलगा सापडला. लॉरानं कबूल केलेली गोष्ट पाळली.

सगळ्या कलाटण्या मला आवडतात असं नाही. 'ऑर्फन'मध्ये (२००९) दत्तक घेतलेली नऊ वर्षांची मुलगी ही खरं तर तेहतीस वर्षांची बाई निघते. धक्का जबर बसतो, पण मागे जाऊन बघितलं तर आधीच्या प्रसंगांचा अर्थ खोल होत नाही, फक्त 'अच्छा, म्हणून ती गळ्यात पट्टी बांधायची' एवढं होतं. सापळा आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी. शिवाय त्या वेळी अमेरिकेत दत्तक विषयात काम करणाऱ्यांनी त्याला आक्षेप घेतला होता, आणि मला तो पटतो. बाहेरून आणलेलं पोर म्हणजे संकट, ही भीती गावोगाव आहेच, तिला आणखी खतपाणी कशाला?

कधी कधी शेवट दिग्दर्शकाचा नसतोच, तेही ध्यानात ठेव. १९५६ च्या 'द बॅड सीड'मध्ये खून करणारी गोड मुलगी शेवटी वीज पडून मरते. मूळ कादंबरीत आणि नाटकात ती सुखरूप सुटते आणि आई मरते. पण तेव्हा हॉलिवूडला आचारसंहिता पाळावी लागे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. मग आभाळातून वीज आणली. वर शेवटी कलाकारांची ओळख करून देताना पडद्यावरची आई मुलीला मांडीवर घेऊन धपाटे घालते, म्हणजे प्रेक्षकांनी हसत घरी जावं. त्या विजेचा गूढ अर्थ शोधत बसणाऱ्यांचे निबंध मी तपासलेत.

'बाबाडूक'चा (२०१४) शेवट मात्र मला दर वेळी नवा वाटतो. बाळंतपणासाठी बायकोला दवाखान्यात नेताना नवरा अपघातात गेला. त्यामुळे सॅम्युअलचा वाढदिवस आणि बापाचा मृत्युदिन एकच, आणि घरात तो दिवस कधी साजरा झाला नाही. बाबाडूक म्हणजे त्यांच्या घरात शिरलेला राक्षस, तो शेवटी मरत नाही. आई त्याला तळघरात ठेवते, वाडग्यात गांडुळं नेऊन खाऊ घालते. आणि सॅम्युअलचा वाढदिवस पहिल्यांदा त्या तारखेलाच साजरा होतो. दिग्दर्शिका जेनिफर केंट. आमच्या मंडळात एक बाई म्हणाल्या, आम्ही पितराला पान वाढतो ते दुसरं काय असतं? मला यावर काही भर घालता आली नाही.

मराठीत बघायचा तर विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) बघ. त्याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला. उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई, खेळणारी पोरं, आणि तळाशी स्त्रीभ्रूणहत्या. तिथं राज्य अख्ख्या गावावर आहे. आपल्याकडच्या भीतीला बंगला आणि धुकं लागत नाही, उभं पीक पुरतं.

राहिला भाऊ. दहाव्या वर्षी नको. रक्त किंवा किंचाळ्या हे कारण नाही, ते मुलं आपल्यापेक्षा लवकर विसरतात. या सिनेमांत आईच मुलाला कोंडते, उशी दाबते, ओळख देत नाही, आणि त्या वयात ही भीती पडद्यावर राहत नाही, रात्री स्वयंपाकघरातल्या आईपर्यंत जाते. आपल्याकडे २०२४ पासून यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे आलेत, ते बघत जा. तरीही तो चोरून बघेलच, मोबाइल त्याच्याही हातात आहे. बघितलाच तर रागावू नकोस. शेजारी बस आणि विचार, कुठल्या जागी भीती वाटली. तो जे सांगेल ते पूर्ण ऐकून घे, मध्ये समजावू नकोस. आणि पुढचे काही दिवस तो लपाछपी खेळायला बोलावेल, तेव्हा राज्य तू घे.